चार गावं, अकरा घरं आणि एक सही

हॉटेल बुकिंग शून्य, चहा अगणित! भर एप्रिलात खान्देशात केलेल्या एका 'नातेवाईक टूर'ची गोष्ट.

'सुट्टीत कुठे?' या प्रश्नाला 'नातेवाइकांकडे' असं उत्तर दिलं की समोरचा ज्या दयाळू नजरेने बघतो, ती नजर तुम्हालाही ओळखीची असेल. बाली नाही, बँकॉक नाही, गेला बाजार कूर्ग तरी! त्यात 'एप्रिलअखेर, खान्देशात' असं सांगितलं, की लोक कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात.

पण आमच्यामागे रजेचं साधं गणित होतं. २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, बुधवारी आली होती. लगेच गुरुवारी १ मेची सुट्टी. चार रजा टाकल्या की दोन्हीकडचे वीकेण्ड धरून चक्क नऊ दिवस हातात! पुणे-धुळे-अमळनेर-चोपडा-जळगाव आणि परत पुणे, असा गोल ठरला. मुक्काम सगळे घरगुती.

माझं माहेर डोंबिवलीचं, चौथ्या मजल्यावरचं. माझ्यासाठी अक्षय्य तृतीया म्हणजे सराफांच्या पानभर जाहिराती. नवरा मात्र चोपड्याचा. त्याच्या लेखी ही 'आखाजी', दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचं, झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची. पुरुषांनी दिवसभर पत्ते कुटायचे. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. शेतावरच्या सालदाराचं वर्षही आखाजीलाच संपतं आणि नवं सुरू होतं. चीनमध्ये नववर्षाच्या आसपास चाळीस दिवस कोट्यवधी लोक घराकडे धावत असतात, त्याला तिकडे 'छुनयुन' म्हणतात. आखाजी ही आपली छोटीशी छुनयुनच. फरक इतकाच, की इथे धावतात त्या मुख्यतः लेकी.

या वेळची आखाजी मात्र जरा जड होती. डिसेंबरात नवऱ्याची आजी गेली आणि चोपड्याच्या घराला कुलूप लागलं. सासरे, म्हणजे बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आमच्याकडे पुण्यात. काका धुळ्याला. आत्या अमळनेरला. आमच्या सासरी आत्याला 'फुई' म्हणतात. घराला गिऱ्हाईक आलं होतं, आणि दोघा भावांनी फुईसाठी हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतला होता. रजिस्ट्री नंतर होणार होती, आधी फुईचा होकार हवा. 'जाताच आहात, तर सही घेऊन या,' असं म्हणून बाबांनी प्लॅस्टिकची फाइल आमच्या सॅकमध्ये सरकवली. सनस्क्रीन आणि ओआरएसच्या शेजारी!

धुळे : काकांची बाजू

पुण्याहून रात्रीच्या बसने नाशिकमार्गे धुळं. सकाळी काका स्टँडवर हजर. घरी वरण-बट्टीचा बेत. बट्टी म्हणजे राजस्थानी बाटीची खान्देशी बहीण. कणकेचे गोळे आधी शिजवायचे, मग कापून तळायचे आणि तुरीच्या वरणात कुस्करून वर तुपाची धार. एक खाल्लीत की ऑफिसचा पासवर्डही विसराल!

उन्हं कलल्यावर काकांनी राजवाडे संशोधन मंडळ दाखवलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. आयुष्यभर गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर पडलेले जुने कागद त्यांनी गोळा केले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या संस्थेत ते जपलेले आहेत. बाहेर पडताना काका म्हणाले, ''कागद सांभाळता येतात. घर सांभाळायला माणूस लागतं.''

मला वाटलं होतं, विकायला निघालेले काका म्हणजे या गोष्टीतले व्हिलन. तसं काही नव्हतं. चोपड्याचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती घालायची, गळती शोधायची, मजूर मिळवायचे. आजीच्या शेवटच्या दहा वर्षांत प्रत्येक वेळी दोन तासांचा प्रवास करून हे सगळं काकांनीच केलं. आम्ही पुण्यातून 'काका, फोटो पाठवा' एवढंच म्हणत होतो. ''आता बासष्ट वर्षांचा झालो. शिडी चढवत नाही रे,'' ते नवऱ्याला म्हणाले. यावर कोण काय बोलणार?

अमळनेर : मुऱ्हाळी हजर हो!

आखाजीला लेकीला सासरहून आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला 'मुऱ्हाळी' म्हणतात. इतकी वर्षं फुईला आणायला बाबा जायचे. यंदा मान भाच्याचा. शर्टाला कडक इस्त्री करून नवरा निघाला आणि मागून मी!

अमळनेर हे गाव आपल्यासारख्या नोकरदारांनी बघायलाच हवं असं आहे. ज्या विप्रोच्या आयडी कार्डाचा पट्टा तुमच्या कुणा मित्राच्या गळ्यात असेल, तिची सुरुवात १९४५ साली इथेच झाली, तीही वनस्पती तुपापासून. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. १९१६ साली प्रतापशेठजींच्या आश्रयाने सुरू झालेलं तत्त्वज्ञान मंदिरही इथलंच. फेब्रुवारी २०२४मध्ये सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही अमळनेरलाच.

फुई सकाळपासून बॅग भरून ओट्यावर बसली होती. ''कवय उनात?'' कधी आलात, ही पहिली अहिराणी. मला ती ऐकून कळते, पण उत्तर मराठीतच निघतं. तिला ते चालतं. पण नवराही मराठीत उत्तर द्यायला लागला, तेव्हा तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग पुढच्या गल्लीतली दोन घरं. प्रत्येक घरी ताटात शेवभाजी, लालभडक तर्रीसकट. 'आत्ताच खाल्लं' हे वाक्य खान्देशात कुणालाही ऐकू येत नाही, ही नोंद करून ठेवा. निघताना मला ब्लाऊजपीस, त्याला टॉवेल-टोपी.

फाइलचा विषय कसा काढावा, याची तालीम आम्ही बसमध्ये केली होती. गरजच पडली नाही. चहाचा कप खाली ठेवत फुईनेच विचारलं, ''कागद आणला ना? धुळ्याहून फोन येऊन गेला.''

''आणलाय. पण फुई, तू आधी नीट वाच.''

''वाचते की. चोपड्याला गेल्यावर वाचते. माहेरचा कागद माहेरीच वाचायचा.''

चोपडा : कुलूप उघडलं

अमळनेरहून चोपड्याला जाताना तापी ओलांडावी लागते. पूल मागे पडला की केळीचं राज्य सुरू. बाहेर उन्हाने डोळे दिपतात आणि मध्येच हिरव्या पानांची भिंत. उत्तरेला, धुरकट निळी, सातपुड्याची रांग. चोपड्याला रेल्वे नाही. सगळी भिस्त एसटीवर. त्यामुळे की काय, स्टँडवर उतरलात की दहा मिनिटांत गल्लीला बातमी गेलेली असते!

घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. सागवानी दार, आत खांब, अंगणात कडुनिंब. चार महिन्यांची धूळ. आम्ही झाडू शोधेपर्यंत शेजारणी बादल्या घेऊन हजर. धाब्यावर कुणाचे तरी बिबडे वाळत होते. ज्वारीचे हे पापड खान्देशी उन्हाळ्याची ओळखच. घर बंद असलं तरी धाबं गल्लीच्या वापरात होतं. आजीनेच तशी मुभा दिलेली, आणि ती मागे घ्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आखाजी. मातीची घागर, वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. घागर बाबा भरायचे. ते पुण्यात, काका कालपासून तापाने झोपलेले. मग भरायची कुणी? गल्लीतले दोन बुजुर्ग नवऱ्याकडे बघायला लागले. त्याने फुईकडे बघितलं. ''आई कुणाची होती?'' एवढंच म्हणून तिने पदर खोचला आणि आईच्या नावाची पहिली घागर स्वतः भरली. कुणी काही बोललं नाही. नैवेद्याला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. ही पोळी उपड्या खापरावर भाजतात आणि ती चांगली परातीएवढी होते. मी एक करायचा प्रयत्न केला. तिचा नकाशा झाला, पण चव उत्तम होती!

दुपारी कडुनिंबाला झोका बांधला. गल्लीत माहेरपणाला आलेल्या नऊजणी जमल्या. एक सुरतेची, दोघी नाशिकच्या, एक पिंपरी-चिंचवडची. पन्नाशी-साठीच्या बाया आळीपाळीने झोक्यावर उभ्या राहून गात होत्या. घरात कधी कुणाचं ऐकू न येणारं आवाजाचं टोक तिथे ऐकू येत होतं. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता का केली असेल, ते त्या दुपारी मला कळलं.

संध्याकाळी फुईने चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, ''पैसा नको मला. देवाने दिलंय. सहीपण करते. फक्त पुढच्या आखाजीला मी कुणाकडे यायचं, ते याच कागदावर लिहून आणा.''

पुण्याला फोन लावला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ''घागर कुणी भरली?''

''फुईने.''

''बरं केलं,'' ते म्हणाले. ''कागद राहू दे आता.''

उनपदेव आणि केळीचा हिशेब

दुसऱ्या दिवशी अडावदजवळच्या उनपदेवला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा. तोही त्रेचाळीस अंशांत! तिथे आम्ही दोघंच मूर्ख असू असं वाटलं होतं, पण गर्दी होती. कारण सोपं होतं : माहेरवाशिणींना पोरंबाळं घेऊन कुठेतरी जायचं होतं.

मग विदगावच्या पुलावरून पुन्हा तापी ओलांडून जळगाव. इथे नवऱ्याचे दोन शाळूसोबती. त्यातल्या एकाने हिंजवडीतली नोकरी सोडून घरची केळी हातात घेतली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, एक्स्पोर्टसाठी खोक्यात भरायचे घड, असं त्याचं बोलणं ऐकत बसावं असं. पण वैशाखातला एक वादळी वारा उभी बाग आडवी करू शकतो, हेही तो तितक्याच सहज सांगतो.

दुसरा मित्र वकील. त्याच्या गच्चीवर आमच्या फाइलचा विषय निघालाच. त्याने शांतपणे समजावलं. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून समान वाटेकरी झाली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ''तरी बहिणी सही करून मोकळ्या होतात,'' तो म्हणाला. ''वाटा मागितला तर माहेर तुटेल, अशी भीती असते ना!''

मी डोंबिवलीच्या चौथ्या मजल्याचा विचार करत होते. मला एक भाऊ आहे. आमच्यात हा विषय कधी निघालेलाच नाही. आमच्याकडे घागर नाही, झोका नाही, आणायला येणारा मुऱ्हाळी नाही. पण दार उघडणारं कुणीतरी हवं, ते माझंही तितकंच खरं आहे. पुढच्या दिवाळीत आई-बाबांसमोर, भावाच्या देखत, हे बोलायचं असं मी ठरवलंय.

चोपड्याच्या घराचं म्हणाल, तर गिऱ्हाइकाला नाही कळवलं. उताऱ्यावर तिन्ही भावंडांची नावं लावायची आणि धाब्याचा खर्च तिघांत वाटायचा, असं ठरलं. शिडीवर चढायचं काम आता भाच्या-पुतण्यांचं. काकांनी हे फोनवर ऐकलं आणि एवढंच म्हणाले, ''मृगाआधी माती पडली पाहिजे. कोण येतंय बोला.'' नवऱ्याने जूनची रजा टाकली. घर कायमचं वाचलं, असं म्हणायची घाई मी करणार नाही. माती दरवर्षी घालावी लागते.

तुम्हालाही जायचंय?

*कसं जाल :* पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव, तिथून एसटीने विदगाव-अडावदमार्गे चोपडा, साधारण दीड तास. सुरत-भुसावळ मार्गावरून येणार असाल, तर अमळनेर किंवा धरणगावला उतरा.

*कधी जाल :* झोके बघायचे तर आखाजीला, पण पारा ४४-४५ अंशांना सहज शिवतो. दुपारी बारा ते चार घरात बसा. भरीत-भाकरी खायची असेल तर हिवाळ्यात जा.

*काय बघाल :* धुळ्यात राजवाडे मंडळ, अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर, अडावदजवळ उनपदेव, जळगावात २०१२ साली सुरू झालेलं गांधी तीर्थ.

*काय खाल :* शेवभाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, खापरावरची पुरणपोळी.

*काय न्याल :* एक रिकामी बॅग. आमच्याकडे येताना नऊ ब्लाऊजपीस, चार टॉवेल-टोप्या, केळीचा एक घड आणि बिबड्यांचा डबा होता. फाइलही होती, सहीशिवायची.

*कुणाकडे राहाल :* ऑफिसात विचारून बघा. शेजारच्या क्युबिकलमध्ये एखादा चोपड्याचा, यावलचा किंवा शिरपूरचा नक्की सापडेल. 'तुझ्या घरी आखाजीला येऊ का?' एवढंच विचारा. नाही म्हणणार नाही तो.