परकीय भांडवल आणि अण्णांचा लेथ

परकीय थेट गुंतवणुकीमुळे विकसनशील देशाची औद्योगिक स्पर्धाक्षमता वाढते काय? अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि आम्ही तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला. चार फायदे, चार तोटे, खाली समारोप. परीक्षेपुरते काम झाले! पण त्या संध्याकाळी अण्णा कामावरून आले, त्यांच्या नखांतला काळा मळ दिसला आणि वाटले, या प्रश्नाचे उत्तर वहीपेक्षा या माणसाला अधिक ठाऊक असावे.

अण्णा भोसरीतल्या एका लहानशा शेडमध्ये लेथ चालवतात. शिक्षण सातवी. मी शाळेत असताना त्यांच्या शेठना एक मोठे काम मिळाले. माल एका मोठ्या कारखान्यात जायचा आणि तिथून परदेशी मोटार कंपनीकडे. पहिलाच लॉट परत आला! बुशांचे माप केसभर चुकले होते. त्या महिन्यात पगार लांबला आणि आईने किराणा उधारीवर आणला. पुढे त्या कारखान्याचा एक माणूस दोन दिवस शेडमध्ये बसून राहिला. ठराविक नगांनंतर माप घ्यायचे आणि ते तक्त्यावर लिहायचे, हे त्याने शिकवले. अण्णा तक्ता लिहू लागले. वर्षभराने त्याच शिस्तीच्या जोरावर शेठना एका देशी कारखान्याचेही काम मिळाले. परकीय भांडवलाचा लाभ झिरपतो म्हणतात, तो असा.

परंतु तो आपोआप झिरपत नाही. १९८२ साली सरकारी मारुती कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार केला. सुझुकीचा वाटा सुरुवातीला २६ टक्के होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानचे होते. मात्र देशी भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलेच पाहिजे, अशी सरकारची अट होती. म्हणून कंपनीला इथले पुरवठादार उभे करावे लागले आणि काहींमध्ये स्वतःचे भांडवलही घालावे लागले. आज आपल्या देशातून मोटारींचे सुटे भाग परदेशी जातात, त्यामागे ही खटपटही आहे.

याउलट उदाहरण शीतपेयांचे. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि पार्लेने थम्स अपसह आपली पेये तिलाच विकली. भांडवल आले, पण एक देशी स्पर्धक मैदानातून गेला. आणि आलेले भांडवल कायमचे राहते असेही नाही. तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद झाला. पाहुणा गेला तर मागे काय उरते? इमारत दुसऱ्याला विकता येते. हातात आलेली विद्या मात्र कुणी परत नेऊ शकत नाही.

हे सारे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते ऐकून घेत म्हणाले, "खरं आहे बाई. पण शेठनी आता सीएनसी मशीन आणलंय. त्यावर आयटीआयची दोन पोरं आहेत. मी अजून जुन्या लेथवरच."

माझा समारोप तिथेच अडला. देशाची स्पर्धाक्षमता वाढली, शेडची वाढली, पण अण्णांची? बावन्नाव्या वर्षी त्यांना कोण शिकवणार? हा तोटा माझ्या वहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णा त्या मशीनचे माहितीपुस्तक घेऊन आले. ते इंग्रजीत होते. आता रोज जेवणानंतर आम्ही दोघे ते घेऊन बसतो. शब्दाचा अर्थ मी सांगते आणि तो शब्द मशीनवर काय करतो, ते अण्णा मला समजावतात. काल तिसरे पान झाले. भांडवल बाहेरून येऊ शकते, पण ते पचवण्याची ताकद घरातच कमवावी लागते. सरांच्या प्रश्नाला निदान माझ्यापुरते तरी हेच उत्तर आहे.