अम्माचा ‘च’

२००६ च्या जूनमध्ये सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. अर्जात ‘मातृभाषा’ असा रकाना होता. तिथे पेन अडलं. खिडकीतल्या क्लार्कने माझं नाव वाचलं आणि न विचारताच लिहून टाकलं – उर्दू.

आमचं घर माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीचं. एस.टी. स्टँडजवळ अब्बांचा केळ्यांचा गाडा होता. पंढरपूरला जाणाऱ्या माळकऱ्यांना ‘घ्या माउली’ म्हणणारे अब्बा घरी आले की दखनी बोलत. अम्मा कुरआन शरीफ पढायची, पण उर्दूतली चिठ्ठी तिला वाचता येत नसे. ओव्या मात्र मराठीतल्या पाठ होत्या. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून सोलापूरला मामूंकडे राहून उर्दू हायस्कूलमध्ये. मग माझी मातृभाषा कोणती?

कॉलेजात मराठीच्या तासाला मी निबंध वाचला. सरांनी मनापासून कौतुक केलं, “वा! तू मुस्लिम आहेस असं वाटतच नाही.” वर्ग हसला, मीही हसले. ते शब्द मात्र दिवसभर काट्यासारखे सलत राहिले. दुसऱ्या बाजूला लखनवी थाटाची उर्दू बोलू पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणी. माझ्या तोंडून ‘मेरेकू’ निघालं की त्या एकमेकींकडे बघत. मी जीभ सांभाळायला लागले. मराठीत जास्त मराठी आणि उर्दूत जास्त उर्दू व्हायला लागले.

एके दिवशी अम्मा डबा घेऊन आली. मैत्रिणी बसल्या होत्या. ती म्हणाली, “मैं आजच जाती, रहती नै.” मी सर्वांसमोर म्हणाले, “अम्मा, ‘आजच’ नहीं, ‘आज ही’ बोलते.” अम्मा गप्प झाली. त्यानंतर माझ्या मैत्रिणींसमोर ती नुसती मान हलवायची. शिकलेल्या लेकीने तिची बोली काढून घेतली होती.

पुढच्या काही महिन्यांत ग्रंथालयात मी वेगळंच वाचू लागले. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली आमच्याच सोलापुरात भरलं होतं, आणि त्या चळवळीतले फकरुद्दीन बेन्नूर सर याच शहरातले, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, हेही तेव्हाच कळलं. आणि एका लेखात वाचलं, की दखनीतला जोर देणारा ‘च’ आणि ‘नक्को’ हे मराठीतून आलेले आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ याच दखनीत रचली होती. ज्या बोलीला मी गावंढळ समजत होते, तिच्यात एका बादशहाने गाणी लिहिली होती. आणि ज्या ‘च’साठी मी अम्माला टोकलं, तो मराठीने आम्हाला दिलेला होता. मी दोन भाषांच्या मध्ये लटकत नव्हते. त्या दोघी माझ्या घरात कधीच्याच एकत्र नांदत होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीला गेले. अम्मा भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं, माफीही मागितली. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, “बादशा बोल्या तोच तेरेकू पटा. मैं बोली सो नै पटा.” तिच्या या वाक्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलं म्हणतात, “टीचर, मैंच करतूं.” परीक्षेत असं लिहिलं तर त्यांचे गुण जातील, म्हणून वहीत मी ‘मैं ही’ करून देते. तेवढं मला करावंच लागतं. पण ते दुरुस्त करताना मी सांगते, “ही पुस्तकाची भाषा आहे, ती शिका. घरची चुकीची नाही.” आणि बोलताना कुणालाही टोकत नाही. वर्गात कुठल्या तरी अम्माचं मूल बसलेलं असतं, आणि संध्याकाळी ते तिच्याकडेच जाणार असतं.