आवाजातली शिल्लक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे लोक काय काम घेऊन येतील याचा नेम नाही. फॉर्म भरून घ्यायला येतात, फाटकी नोट बदलायला येतात, मुलीला आलेलं स्थळ कर्जबाजारी तर नाही ना, हे हळूच विचारायलाही येतात. पण 'पोरांसाठी सोपी गाणी काढून दे' हे काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं. नांदेडला माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉलनीत गणपतीत कराओकेचा कार्यक्रम ठरला होता आणि 'तेरा ते अठरा' या गटाची गाणी ठरवायला कोणीच पुढं येईना. "दादा, तू बी. कॉम. आहेस, याद्या करायचं तुला जमतं," बहीण म्हणाली. वाणिज्य शाखेचा संगीताशी हा संबंध आमच्या विद्यापीठालाही माहीत नसेल.

खरं कारण निराळं होतं. तिचा मुलगा लातूरला माझ्याकडे राहतो. लातूरला राहतो म्हणजे ट्यूशनला जातो, हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. वय सोळा. सातवीपर्यंत शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायचा, बक्षिसं आणायचा. आठवीत कंठ फुटायला लागला, आणि एकदा भर प्रार्थनेत त्याच्या गळ्यातून कोंबडा आरवला. सगळी शाळा हसली. गाणं त्या दिवशी बंद झालं ते झालंच, आणि लातूरला आल्यावर बोलणंही आटत गेलं. आईशी फोनवर रोज तीन शब्द : "हो", "नाही", "जेवलो." बहीण म्हणाली, "त्याला एखाद्या गाण्यात बसव. पण दादा, पुन्हा हसं होऊ देऊ नको त्याचं."

या अटीमुळं काम एकदम जोखमीचं झालं. जामीन राहणं परवडलं!

मोठ्या माणसांना अशा वेळी विचारू नये. ती स्वतःची आवडती गाणी सांगतात. कॉलनीतल्या एका निवृत्त तहसीलदारांनी पोरांसाठी 'शुक्रतारा' सुचवलं. ते स्वतः गेली चाळीस वर्षं तेच गातात. एका आजींनी 'नाच रे मोरा' सांगितलं. गाणं गोडच आहे. १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं, चाल पु. लं.ची, गायल्या आशाबाई. पण ज्याला मिसरूड फुटलंय त्याला मोर नाचवायला सांगणं बरं दिसत नाही. सोळा वर्षांचा मुलगा कायद्यानं अज्ञान असतो हे खरं, पण चारचौघांत त्याला ते सांगू नये.

आता थोडं जपानकडे वळू. वळावंच लागतं, कारण 'कराओके' हा शब्द तिथला. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करी. एका कंपनीचे साहेब त्याचे गिऱ्हाईक. त्यांना परगावी गायचं होतं आणि याला जाणं जमेना, म्हणून यानं आपली साथ टेपवर भरून दिली. साहेब परत आले ते खूष होऊन. त्यावरून १९७१ साली यानं अकरा यंत्रं बनवली आणि भाड्यानं दिली. पेटंट मात्र घेतलं नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून हे लिहिताना माझा हात थरथरतो. पुढं २००४ साली त्याला अमेरिकेत इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं. लोकांना एकमेकांना सहन करायला त्यानं शिकवलं म्हणून.

पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ती पहिली टेप एका माणसाच्या गळ्याचं माप घेऊन शिवलेली होती. आपल्याकडे भजनात पेटीवाले बुवा हेच करतात. गाणाऱ्याचा श्वास संपत आला की बुवा पेटीवर सूर भरून धरतात, पखवाजवाला एक ठेका जास्त फिरवतो, आणि टाळकरी असा गजर करतात की चूक कोणाची ते पांडुरंगालाही कळू नये. आजचं यंत्र हे काही करत नाही. पडद्यावर अक्षरं रंगत रंगत पुढं जातात आणि गाणारा प्लॅटफॉर्मवर पिशवी धरून उभा राहतो. यंत्र थांबत नाही, तेव्हा थांबणारं गाणंच शोधलं पाहिजे, असा मी हिशेब मांडला.

त्यासाठी आधी आवाजातली शिल्लक पाहायची. मुलाचा कंठ फुटतो तेव्हा स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. पण हे बिऱ्हाड एका दिवसात हलत नाही. काही महिने अर्धं सामान जुन्या घरात, अर्धं नव्या घरात, आणि मधल्या जिन्यात पाय घसरतो. तेवढ्या काळात खात्रीचे सूर पाच-सहाच. पुढं घर लागलं तरी जिन्याची धास्ती जात नाही. म्हणून गाण्याचा सगळा व्यवहार पाच-सहा सुरांतच आटोपला पाहिजे. पोरं मुखडा ऐकून भुलतात. मुखडा खालच्या सुरात गोड बोलतो आणि अंतरा गुपचूप तार सप्तकात नेऊन सोडतो. मी कर्जाचे कागद मागच्या पानापासून वाचतो, तसा आधी अंतरा ऐकला. या कसोटीवर 'सैराट'मधलं 'याड लागलं' पहिल्याच फेरीत बाद झालं. अजय गोगावल्यांचा आवाज जिथं सुरू होतो तिथं आपला संपतो. संजू राठोडचं २०२४ चं 'गुलाबी साडी' मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना अगदी मापात बसलं. थोडे सूर आणि तेच तेच पुन्हा.

दुसरी अडचण मधल्या म्युझिकची. गाताना पोरं कशीबशी उभी राहतात, पण वीस-पंचवीस सेकंद नुसतं म्युझिक वाजायला लागलं की हातांचं काय करावं हे त्यांना कळत नाही. एक हात माइकवर, दुसरा खिशात, खिशातून केसांत, केसांतून पुन्हा खिशात. प्रेक्षकांत आई व्हिडिओ काढत असते. सोळाव्या वर्षी यापरता छळ नाही. म्हणून मी ठरवलं, एकट्याचं गाणंच नको. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी असतात, तशी सात पोरं, दोन माइक.

ही योजना मी लातूरला जेवताना भाच्यासमोर, जणू त्याच्याशी काही संबंध नाही अशा थाटात, मांडली. तो ताटात बघत म्हणाला, "मामा, अंतरा कोण म्हणणार?"

"सगळे."

"एकट्याला कोणालाच नाही?"

"नाही."

बराच वेळ भाकरी मोडणं चाललं. मग म्हणाला, "तर मग कोंबडी घ्या."

'कोंबडी पळाली' हे २००६ च्या 'जत्रा'तलं अजय-अतुलचं गाणं, म्हणजे याच्या जन्माआधीचं. पण मराठवाड्यात लग्नाच्या वरातीत जन्मभर पाठ होत राहतं. त्याच चालीवर पुढं हिंदीत 'चिकनी चमेली' आलं, तेव्हा दर्जाबद्दल शंका नको. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. कोंबड्याचा वचपा पोरानं कोंबडीवर काढला होता.

यंत्रावर पट्टी दोन घरं खाली उतरवली. कार्यक्रमाच्या रात्री सातही जण एकमेकांच्या खांद्याआड उभे राहून ओरडले. भाच्याचा आवाज दोनदा फुटला म्हणे. बहिणीच्या लक्षात आलं, मला तर तो गाण्याचाच भाग वाटला. पुढच्या रांगेतले तहसीलदार टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी.नं लातूरला निघालो. लोहा मागं पडल्यावर त्यानं एका कानातली वायर काढून माझ्या कानात घातली. "मामा, हे तीन घरं खाली केलं तर मला जमंल का?"

"म्हणून बघ."

गाडीचा खडखडाट इतका, की त्याला गावं लागलं ते मोठ्यानंच. अहमदपूर येईस्तोवर गाणं तीनदा झालं. स्टँडवर इंजिन बंद पडलं तसा तो एकदम गप्प झाला.

पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून पाहिलं. "थांबलास कामून रे बाबा? चालू दे की."