वज्रेश्वरीचीं कलिंगडें

वज्रेश्वरीस जाणारे लोक सामान्यतः दोन प्रकारचे असतात. कांहीं देवीच्या दर्शनासाठीं जातात, कांहीं दुखरे सांधे शेकण्यासाठीं ऊन पाण्याच्या कुंडांवर जातात. आणि पुष्कळसे लोक दोन्ही कार्यें एकाच खेपेंत उरकून घेतात. यंदाच्या फाल्गुनांत मी तेथें गेलों तो मात्र तिसऱ्याच कामासाठीं. आणि तें काम म्हणजे आमच्या आत्याच्या परसांतील कलिंगडांचीं लग्नें लावणें! हें वाचून वाचकांस हंसूं येईल, हें मी जाणून आहें. मलाहि प्रथम आलेंच होतें. पण त्या आठ दिवसांत जें पाहिलें व जें समजलें, त्यानें तें हंसूं बरेंचसें ओसरलें.

विरारास आगगाडींतून उतरून शिरसाड येथें अहमदाबादचा महामार्ग ओलांडला, कीं पूर्वेकडे अंबाडीचा रस्ता लागतो. उजव्या हातास तुंगारेश्वराचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. पारोळ, उसगांव हीं गांवें एकामागून एक मागें पडतात. भात कापून नेल्यावर उघडीं पडलेलीं खाचरें, मधून मधून फुललेला पळस, आणि रोडावत चाललेली तानसा नदी, असा हा फाल्गुनांतला देखावा आहे. हिच्या वरच्या अंगास धरण बांधून १८९२ सालापासून मुंबईकर हिचें पाणी पीत आले आहेत. नदी पुढें वैतरणेस मिळते. आणि हिच्याच कांठानें अकलोली व गणेशपुरी या बाजूंस ती ऊन पाण्याचीं प्रसिद्ध कुंडें आहेत.

देऊळ दुरून पाहिलें तर किल्लाच वाटतो, आणि त्यांत नवल नाहीं. पोर्तुगीजांच्या हातून वसई घेण्यासाठीं चिमाजीअप्पा या प्रांतांत उतरले, तेव्हां यश आल्यास देवीचें मंदिर बांधीन असा नवस त्यांनीं केला. १७३९ सालीं वसई पडली आणि नवस फेडला गेला. गांवाचें मूळ नांव वडवली; देवीच्या नांवावरून तें वज्रेश्वरी झालें. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनीं बांधला. बावन्न पायऱ्या चढून वर जावें, वाटेंत पायरीवर कोरलेल्या कांसवास हळदकुंकू वाहावें, आणि दर्शन घेऊन तटावरून खालचा मुलूख न्याहाळावा, हा येथला नित्याचा परिपाठ आहे. हें गांवच नवसांचें. चिमाजीअप्पांचा नवस दांडगा होता. आमच्या आतोबांचा अगदींच लहान. चैत्र वद्यांत अमावास्येच्या सुमारास देवीची यात्रा भरते; त्या दिवशीं परसांतलें पहिलें कलिंगड देवीपुढें ठेवावयाचें, एवढाच त्यांचा नेम होता. तो त्यांनीं अखेरपर्यंत पाळला. तीन वर्षांपूर्वीं ते वारले, तेव्हांपासून तो आत्यानें चालविला आहे.

मी पोंचलों तेव्हां आत्या मागील दारीं उभी होती. चार वेलींनीं वाफ्याबाहेर हातपाय पसरले होते. पानें हिरवीगार, फुलेंहि भरपूर. परंतु फळ म्हणून एक नाहीं! बोराएवढें झालें, कीं पिंवळें पडून गळून जाई. पाणी, शेणखत, राख, सर्व उपाय झाले होते. पाणी घालावयास येणारा गडी कुदळीवर हात टेंकून म्हणाला, “आई, यो वेल वांझ हाय. उपटूं का?”

आत्या क्षणभर कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तिला तसें म्हणूं नकोस रे.” आणि आंत निघून गेली.

आत्याला मूल झालें नाहीं. ज्या देवीच्या पायऱ्या संतानासाठीं नवस बोलून बायका चढतात, त्याच पायऱ्यांच्या गांवांत तिनें पन्नास वर्षें संसार केला. तो शब्द या काळांत तिनें किती वेळां ऐकला असेल, हें विचारण्याचें धैर्य आम्हां भाच्यांना कधींच झालें नाहीं. गडी बिचारा भला माणूस; त्याच्या मनांत कांहीं नव्हतें. पण त्या दिवशीं मीं ठरविलें, कीं वेली उपटण्यापूर्वीं त्यांचें खरें दुखणें काय आहे तें तरी पाहावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी वाफ्यापाशीं जाऊन बसलों. कलिंगडाच्या एकाच वेलीवर दोन जातींचीं फुलें येतात. नरफूल बारीक देठावर उभें असतें व त्याच्या मध्यभागीं पिंवळ्या परागांनीं भरलेले केसर असतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखालीं मात्र एक लवदार, हिरवें, इवलेंसें कलिंगड आधींच बसलेलें असतें! अजाण माणसास वाटतें, फळ धरलें. वस्तुतः ती केवळ फळाची आशा होय. नरफुलांतील पराग त्या फुलाच्या तीन पाळ्यांच्या किंजल्कावर पडले, तरच तें फळ पुढें वाढावयाचें. नाहीं तर दोनचार दिवसांत सुकून जावयाचें. पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहींत. फूल सूर्योदयानंतर थोड्याच वेळानें उमलतें व दुपारीं मिटतें, तें पुन्हा उमलत नाहीं. म्हणजे आयुष्यांतली एकच सकाळ. तेवढ्यांत पाहुणा आला तर आला. आणि हा पाहुणा म्हणजे मधमाशी. तीहि एकदां येऊन भागत नाहीं. फळ नीट धरण्यासाठीं एका फुलास मधमाशीनें निदान आठ वेळां तरी भेट दिली पाहिजे, असें या विषयाच्या अभ्यासकांचें सांगणें आहे.

मी दोन तास बसलों. चारदोन मुंग्या आणि एक चुकार फुलपाखरूं, याखेरीज कोणीहि आलें नाहीं.

तेव्हां मला एक गोष्ट आठवली, आणि ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. मार्गशीर्षांत परसांतील जुन्या आंब्याच्या फांदीस आग्या माशांचें मोठें मोहोळ लागलें होतें. सुट्टींत आलेल्या आमच्याच एका मुलास दोन माशा चावल्या. मी घाबरलों, आणि आत्या नको नको म्हणत असतां माणसें बोलावून रात्रीं पलित्यांनीं तें मोहोळ जाळविलें. माझी भीति अगदींच खोटी नव्हती. आग्या माशा चवताळल्या म्हणजे माणसाचा जीवहि घेतात. पण माणसास उठतांबसतां जपावें, धूर करूं नये, मुलांना त्या बाजूस जाऊं देऊं नये, एवढ्यानें निभावलें असतें. आतोबांनीं असलीं मोहोळें वर्षानुवर्षें त्या आंब्यावर राहूं दिलीं होतीं. एका मोहोळाच्या जाण्यानेंच सारें झालें, असें मी म्हणत नाहीं. मोहोर राखण्यासाठीं आजूबाजूच्या आंब्यांवर ऐन फुलोऱ्यांत औषधें फवारतात, कुंपणाच्या करवंदीच्या जाळ्या तोडून तेथें भिंती उठतात. माशीला थारा कोठें उरला? तथापि वेलीला वांझ म्हणावयाचें आणि तिचा पाहुणा मात्र आपणच हांकून द्यावयाचा, हा न्याय मला त्या सकाळीं फार टोंचला.

उपाय हातांतलाच होता. माशीचें काम माणसाच्या बोटांनीं करतां येतें, हें मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. खजुरीचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असतात. म्हणून आपल्या कच्छांत बागाईतदार नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यांत स्वहस्तें बांधतात. व्हॅनिलाची गोष्ट तर मोठी विलक्षण आहे. ही वेल मेक्सिकोंतून बाहेर नेली, तेव्हां ती फुले पण फळत नसे. १८४१ सालीं हिंदी महासागरांतील रेयुनियन बेटावर एडमंड आल्बिउस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडी व अंगठा यांच्या साह्यानें फुलांत पराग लावण्याची युक्ति काढली, आणि त्या युक्तीवर पुढें जगाचा व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला. चीनमध्यें सिचुआन प्रांताच्या हानयुआन भागांत शेतकरी नासपतीच्या झाडांवर चढून फुलाफुलाला पिसांच्या कुंचल्यानें पराग लावतात. तेथेंहि माशा नाहींशा होण्यास फवारणीच्या औषधांचा हातभार लागलेला आहे.

आत्याला मीं हें सांगितलें. ती म्हणाली, “म्हणजे आतां माशीची चाकरी आपण करावयाची! बरें तर, शिकव.” आणि दुसऱ्या दिवशीं माझ्याहि आधीं ती वाफ्यांत हजर होती.

आमचा क्रम असा असे. संध्याकाळीं वेली पाहून, उद्यां उमलतील अशा टपोऱ्या मादीकळ्या हेरून ठेवावयाच्या. सकाळीं आठाच्या सुमारास ताजें उमललेलें नरफूल देठासकट खुडावयाचें, केसरास नख लावून पिंवळी पूड लागते कीं नाहीं तें पाहावयाचें, मग पाकळ्या मागें मुडपून तें फूल मादीफुलाच्या किंजल्कावर अलगद टेंकवावयाचें. तिन्ही पाळ्यांना पूड लागली पाहिजे, हें मुख्य. आत्यानें पहिल्या दिवशीं काडीला फुलवात गुंडाळून कुंचला केला. पण कापूस पराग धरून ठेवतो, सोडीत नाहीं, हें तिच्याच ध्यानांत आलें. तेव्हांपासून फुलानेंच फुलास शिवणें तिनें पसंत केलें. लग्न लागलेल्या फुलाच्या देठास ती देवपूजेच्या लाल सुताचा एक धागा सैलसा बांधी, आणि तिथि पंचांगावर लिहून ठेवी. नऊ वाजले, ऊन तापलें, कीं काम बंद.

आठ दिवसांत चौदा फुलें झालीं. तिसऱ्या दिवशींच पहिल्या फुलाचा देठ खालीं वांकला व फळाची लव विरळ होऊन त्यावर तकाकी आली. आत्यानें गड्यास हांक मारून तें दाखविलें. तो उकिडवा बसून बराच वेळ पाहात राहिला आणि म्हणाला, “आमच्या वाडींत ह्यें कोनी करीत नाय. पन आमच्याकडं माशी हाय.” या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें.

चौदांपैकीं नऊ फुलें गळालीं. कांहीं उशिरा हातीं लागलीं म्हणून, कांहीं आमच्या धसमुसळेपणामुळें. पांच धरलीं. एका वेलीला फार फळांचा भार पेलत नाहीं, म्हणून दोन लहान फळें मागाहून काढून टाकावीं लागलीं. राहिलेल्या तिहींपैकीं एक माझ्या हातचें होतें आणि तें एका अंगानें फुगून दुसऱ्या अंगानें खंगलेलें, भोपळ्यासारखें वांकडें वाढलें. किंजल्काच्या एकाच बाजूस पराग लागला म्हणजे असें होतें. आत्याच्या हातचीं दोन्ही मात्र वाटोळीं, गर्द हिरवीं, डोळ्यांत भरण्याजोगीं झालीं. बी शुगर बेबी जातीचें होतें. तीं फारशीं मोठीं होत नाहींत, पण गोडीला उत्तम.

यात्रेसाठीं मी पुन्हा गेलों. कलिंगड पिकलें कीं नाहीं हें ओळखण्याच्या खुणा आतोबांनीं आत्याला शिकविल्या होत्या: देठाजवळचा वळवळीत ताणा वाळतो, भुईस टेंकलेली पांढुरकी बाजू पिंवळसर होते, आणि टिचकी मारली असतां टणटण न वाजतां बदबद असा आवाज येतो. आत्यानें तिन्ही खुणा दोनदोनदां पाहिल्या, आणि त्यांतलें चांगलें कलिंगड धुवून पुसून माझ्या हातीं दिलें. यात्रेच्या गर्दींत बावन्न पायऱ्या ती माझ्या दंडाला धरून, कांसवापाशीं थांबत थांबत चढली. देवीपुढें फळ ठेवून तिनें हात जोडले. काय मागितलें, तें मीं विचारलें नाहीं.

घरीं येऊन वांकडें कलिंगड कापलें. खंगलेल्या बाजूस बिया पोंचट आणि गर फिका, तर भरल्या बाजूस लालबुंद व मधासारखा गोड. ज्या भागांत बी धरलें नाहीं, तो भाग वाढला नाहीं. गड्याला आत्यानें चांगल्या बाजूची मोठी फोड दिली.

फोड खातां खातां तो म्हणाला, कुंपणांत शिल्लक राहिलेल्या करवंदीच्या जाळींत फुलोरी माशीचें मोहोळ लागलें आहे. तळहाताएवढेंच आहे, काढून टाकूं का? आणि त्यानें माझ्याकडे पाहिलें, कारण मागला हुकूम माझा होता. मी आत्याकडे पाहिलें. ती ताटलींतल्या बिया वेंचून राखेंत घोळवीत होती; पौषांत लावावयासाठीं त्या तिला बरणींत भरून ठेवावयाच्या होत्या. मान वर न करतांच ती म्हणाली, “राहूं दे. त्या बाजूनें पाणी जरा बेतानें घालीत जा, म्हणजे झालें.”