गाव नसलेले संघ

आमच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर एक टोपी आहे. तिच्यावर चेसापीक बेहॉक्स या लॅक्रॉस संघाचे चिन्ह असून तो संघ आता अस्तित्वात नाही. आमच्या चिरंजीवांनी ती टोपी दोनदा कचऱ्यात टाकली आणि दोन्ही वेळा आम्ही ती बाहेर काढली. यावरून या प्रकरणात आमची बाजू कोणती, ते सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईलच. ती बाजू बरोबर आहे, असा मात्र आमचा दावा नाही.

मेरीलँडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला लॅक्रॉस प्रथम भेटतो तो आवाजाने. संध्याकाळी शाळेच्या मागच्या भिंतीवर मुले तासन्‌तास रबरी चेंडू आपटत असतात. काठीच्या टोकाला असलेल्या जाळीत तो झेलायचा आणि पुन्हा फेकायचा. हा खेळ मूळचा तिथल्या आदिवासींचा. हौडेनोसौनी लोक त्याला सृष्टिकर्त्याने दिलेला खेळ मानतात. १८६७ मध्ये विल्यम जॉर्ज बीअर्स या माँट्रियलच्या दंतवैद्याने त्याची नियमावली सिद्ध केली, आणि १८८० मध्ये कॅनडातल्या राष्ट्रीय संघटनेने 'केवळ हौशी खेळाडूच खेळतील' असा दंडक घालून, खेळण्याचे पैसे घेतात या कारणास्तव, मूळच्याच लोकांना बाहेर काढले. या खेळात पैसा हा शब्द तेव्हापासून जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो, असे आम्हाला वाटते.

मेजर लीग लॅक्रॉसचा पहिला हंगाम २००१ मध्ये झाला. संघ सहा, त्यांत एक बेहॉक्स. आम्ही त्यांचे प्रेक्षक झालो तेव्हा ते अ‍ॅनापोलिसला, नौदल अकादमीच्या मैदानावर खेळत. मैदान प्रशस्त आणि प्रेक्षक तुरळक. इथे महाविद्यालयीन लॅक्रॉसच्या अंतिम सामन्याला हजारो माणसे लोटतात. तीच मुले पदवी घेऊन व्यावसायिक झाली की त्यांना पाहायला कोणी फिरकत नाही. सामना संपला की खेळाडू कठड्यापाशी येऊन मुलांच्या टोप्यांवर सह्या करीत. एकाने सही करता करता सांगितले, उद्या पहाटे विमान पकडायचे आहे, सोमवारी नऊला कचेरीत हजर व्हायचे आहे. तेव्हा त्या साधेपणाने आम्ही भारावून गेलो होतो. घरी आल्यावर पत्नीला ती हकिकत कौतुकाने सांगितली. त्या माणसाला स्वतःला त्यात काय कौतुक वाटत असेल, हा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाही.

तो प्रश्न पॉल रॅबिलला पडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आलेला हा खेळाडू त्या काळी या खेळातला सर्वांत परिचित चेहरा होता. त्याने व त्याचा भाऊ माइक याने २०१८ मध्ये प्रीमियर लॅक्रॉस लीग जाहीर केली. खेळाडूंना पूर्वीपेक्षा बरे वेतन, आरोग्यविमा आणि लीगमध्ये भागीदारी. एकशेचाळीस खेळाडू तिकडे गेले. २०१९ च्या हंगामासाठी नवे संघ सहा होते आणि एकाच्याही नावात गाव नव्हते: आर्चर्स, अ‍ॅटलस, केऑस, क्रोम, रेडवुड्स, व्हिपस्नेक्स. दर आठवड्याच्या अखेरीस सगळे एकाच शहरात मुक्काम करीत, सामने उरकून पुढच्या गावी निघत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर.

आम्हाला साहजिकच नाटक मंडळ्या आठवल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून स्वतःच मालक झाले, तेव्हाही कोणी हळहळले असेल. पण त्या फुटीनंतर मराठी रसिकाला दोन मंडळ्या मिळाल्या. लॅक्रॉसचे गणित तसे नव्हते. दोन्ही लीगना हवे होते तेच थोडे उत्तम खेळाडू, उन्हाळ्यातले तेच शनिवार-रविवार आणि तोच लहानसा प्रेक्षकवर्ग. जुन्या लीगपाशी गावे राहिली आणि माणसे गेली. २०१८ मध्ये नऊ असलेले तिचे संघ पुढच्या वर्षी सहावर आले.

घरातही फूट पडली. चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचे. "बाबा, तू माणसांचा फॅन आहेस की पार्किंग लॉटचा?" असे त्यांनी भर जेवणात विचारले. आम्ही निष्ठा या विषयावर दहा मिनिटे बोललो. त्या वर्षी ओनोंडागा लोकांपैकी लाइल थॉम्पसन, लांब वेणीचा तो अद्भुत खेळाडू, बेहॉक्सकडेच राहिला आणि बेहॉक्सने डेन्व्हर आउटलॉजना दहा-नऊ असे हरवून विजेतेपद मिळवले. आम्ही पेढे आणले. चिरंजीवांनी एकच खाल्ला.

२०२० मध्ये महामारी आली. जुन्या लीगने आपला तोकडा हंगाम अ‍ॅनापोलिसलाच भरवला. खेळाडूंना लागण झाल्याने उपांत्य सामने रद्द झाले. डिसेंबरात विलीनीकरण जाहीर झाले. संघ म्हणून नव्या लीगमध्ये गेला तो फक्त बॉस्टनचा, तोही 'कॅनन्स' एवढ्याच नावाने, गाव गाळून. बेहॉक्सचे नाव कागदपत्रांत कुठे तरी राहिले. थॉम्पसन कॅनन्सकडे गेला.

आणि मग २०२४ च्या हंगामापासून या फिरत्या लीगने आपल्या आठही संघांना गावे वाटून दिली! कॅनन्सना बॉस्टन परत मिळाले. क्रोमचे नाव बदलून झाले डेन्व्हर आउटलॉज, म्हणजे जुन्या लीगचेच. व्हिपस्नेक्स मेरीलँडच्या वाट्याला आले. त्याच्या आसपासच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ साठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसचाही समावेश झाला. आईचा दादरहून फोन आला: "अरे, तुमच्या त्या जाळीच्या काठीचं नाव पेपरात आलंय. एकाच ओळीत, पण आलंय."

चिरंजीव म्हणाले, "मिळालं ना तुला गाव?" मिळाले खरे. पण हे गाव वाटणीत आले आहे, आणि मोटारी दुसऱ्याच वाटेने येतात, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. आता महाविद्यालयात जाण्याच्या वयाचा तो मुलगा, जो स्वतः उत्तम बचावपटू आहे, शांतपणे म्हणाला, "बाबा, मी पुढे खेळलो तर मला विमा असलेला चालेल ना तुला?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिकिटे त्यानेच काढली. निघताना आम्ही फळीवरची टोपी घातली आणि तो काही बोलला नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या डोक्यावर तीच टोपी, आमच्यापेक्षाही विटलेली. मध्यंतरात त्यांनी वळून पाहिले, आमच्या टोपीकडे बोट केले, आणि मेरीलँडचा गोल झाल्यावर आमच्या चिरंजीवांबरोबर उभे राहून ओरडू लागले.