अब्बांची पाटी

माझे अब्बा मालेगावात दुकानांच्या पाट्या रंगवत असत. शाळा सुटली की मी रंगाचा डबा धरून त्यांच्याजवळ उभा राहायचो. काम सुरू करण्यापूर्वी ते दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, "रस्त्याने जाणाऱ्याला आधी काय दिसले पाहिजे?"

"सगळेच दिसले पाहिजे," दुकानदार म्हणे.

अब्बा हसून म्हणत, "सगळेच मोठे लिहिले, तर मोठे काहीच राहणार नाही."

मग ते खडूने रेघा आखत. दुकानाचे नाव सर्वांत मोठे, मालाची नावे मध्यम आणि पत्ता सर्वांत लहान. नावाच्या अक्षरांना ते एका बाजूने गडद शेड देत. त्यामुळे अक्षरे पत्र्यातून वर आल्यासारखी वाटत. एकदा मी हौसेने पत्त्यालाही शेड दिली. अब्बांनी ती लगेच पुसली. "बेटा, सगळेच उठून उभे राहिले, तर पुढे कोण आहे ते कसे कळणार?" पाटी झाली की ते रस्त्याच्या पलीकडे जात आणि डोळे अर्धे मिटून तिच्याकडे पाहत. तसे पाहिले की बारीकसारीक पुसट होते. मोठे आणि ठळक तेवढेच उरते.

पुढे मी बी.एड. झालो आणि शिक्षक झालो. अब्बांचा हा धडा मी विसरून गेलो होतो.

२०२२ साली आमच्या शाळेचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मला संगणकाची थोडीफार माहिती होती आणि उत्साह तर भरपूर होता. सुटीचे पंधरा दिवस मी त्यात घालवले. पहिल्या पानावर दहा रंगीत चौकटी केल्या. प्रत्येक चौकटीला सावली दिली. सगळी अक्षरे ठळक केली. वर शाळेच्या इमारतीचे मोठे छायाचित्र लावले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख बाजूच्या पट्टीत लिहिली. संगणकावर ते पान मला फार देखणे वाटले.

शेवटची तारीख उलटून गेल्यावर दहावीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. ते यंत्रमागावर काम करतात. रात्रपाळी करून ते सरळ शाळेतच आले होते. त्यांच्या हातात भरलेला अर्ज होता.

"सर, मी पान रोज उघडत होतो," ते म्हणाले, "पण तारीख कुठेच दिसली नाही."

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला आणि पान खाली खाली सरकवत गेलो. छायाचित्र गेले, दहा चौकटी गेल्या आणि अगदी तळाशी तारीख सापडली. संगणकाचा पडदा रुंद असतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर बाजूची पट्टी मावत नाही, म्हणून ती सगळ्या मजकुराच्या खाली गेली होती. तारीख लिहिलेली होती, पण ती नसल्यासारखीच होती. अर्ज घेतला गेला नाही. ते गृहस्थ रागावले नाहीत. "ठीक आहे, सर," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मी ते पान अब्बांना दाखवले. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि डोळे अर्धे मिटले. "इथे सगळेच ओरडत आहेत," ते म्हणाले, "कोणाचे ऐकायचे?"

दुसऱ्या दिवशी मी सगळे पुन्हा करायला बसलो. तेव्हा मला उमगले, की अब्बांची रीत या नव्या कलेतही आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातले पहिले संकेतस्थळ लोकांपुढे आणले. पाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत शीर्षकांच्या सहा पायऱ्या आहेत. पहिली सर्वांत मोठी, सहावी सर्वांत लहान. या पायऱ्या केवळ डोळ्यांसाठी नाहीत. अंध व्यक्ती पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. त्या याच शीर्षकांवरून एका भागातून दुसऱ्या भागात जातात.

मी तारीख सर्वांत वर घेतली. आमचे पान उर्दूत आहे. वाचणाऱ्याची नजर उजवीकडून सुरू होते, म्हणून तारीख उजव्या कोपऱ्यात ठेवली. तिच्याभोवती मोकळी जागा सोडली. नऊ चौकटींच्या सावल्या काढून टाकल्या आणि फक्त तारखेच्या चौकटीला सावली ठेवली. ती एकटीच पानापासून थोडी वर उचलल्यासारखी दिसू लागली. दूरचा डोंगर फिकट आणि जवळचे झाड गडद दिसते. त्याप्रमाणे जुन्या सूचना मी थोड्या फिकट केल्या. मात्र फार फिकट केल्या नाहीत. लहान अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ : १ असावा, असा जागतिक नियम आहे. नाहीतर ज्यांची नजर कमजोर आहे, त्यांना वाचता येत नाही.

पान तयार झाल्यावर मी ते आधी मोबाइलवर पाहिले आणि मग संगणकावर.

पुढच्या वर्षी सगळे अर्ज वेळेवर आले. मुख्याध्यापकांनी माझे कौतुकही केले. पण ती मुलगी तोपर्यंत दहावी होऊन शाळेतून गेली होती. तिचे ते वर्ष काही परत आले नाही.

आता नवी सूचना लिहिली, की मी मोबाइल हातभर लांब धरतो आणि डोळे अर्धे मिटतो. मुले हसतात. "सर, झोप येते का?" असे विचारतात. मी त्यांना सांगतो, "नाही रे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हे पान कसे दिसेल, ते पाहतो आहे."