सातबाऱ्याबाहेर

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. उरणकडे तेव्हा खारशेती होती, मिठागरे होती.

खारीत राता पिके. तांबडा, जाड, खारे पाणी सोसणारा तांदूळ. आता तो शोधावा लागतो.

बांधाला उघाडी असे. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी. बांध फुटला की गाव माती टाकायला धावे. भरावाखाली बांधही गेले, उघाड्याही.

लावणी-कापणीला बिनजमिनीच्या बायका येत. मजुरी भातात मिळे. मालकाचा आणि मजुराचा वाटा सारखा नसे, पण खळे एकच असे. खळी उरली नाहीत.

मिठागरात माणसे डोक्यावरच्या टोपलीतून मीठ वाहत. मिठागरांवर भराव पडला. टोपल्यांचे काम थांबले.

खाडीत पाग टाकला की जिताडा मिळे. खाजणात निवट्या, चिंबोऱ्या. खाजणे बुजली.

शेवा कोळीवाडा तिथल्या नव्या बंदरासाठी उठला. माणसे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आली. तिथल्या घरांना वाळवी लागली. बंदर १९८९ साली सुरू झाले.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. सार्वजनिक सोयींचा भाग कापून हातात पावणेनऊ टक्के पडले.

हिशेब सातबाऱ्यावरून झाला. जमीन मोठी, त्याचा भूखंड मोठा. लहान भूखंड भावांच्या वाटणीत आणखी लहान झाले, बरेचसे विकले गेले. लावणीच्या बायकांना, मिठागरातल्या मजुरांना टक्का नव्हता.

द्रोणागिरीची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी दिली गेली. अनेक वर्षे तिच्यावर भात नव्हते आणि कारखानेही नव्हते.

बंदराचे स्वतःचे विशेष आर्थिक क्षेत्र २७७ हेक्टरांचे. पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली. २००५च्या कायद्याने अशा क्षेत्राचा आतला भाग सीमाशुल्कापुरता देशाबाहेरचा धरला जातो. आत जायला गेटपास लागतो.

बाहेर कंटेनरची गोदामे आहेत. तिथली बरीच माणसे ठेकेदाराची.

नोकरीत राखीव जागा मागायची तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला लागतो. दाखल्यासाठी जमीन किंवा घर संपादनात गेल्याची नोंद लागते. लावणी, मिठाची टोपली, पाग यांची नोंद सातबाऱ्यावर होत नसे.